शरणपुरात एक खोली द्या

प्रति,
मा. महापौर,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.



आपलं कार्यालय ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याच्या नावासाठी हे पत्र लिहिते आहे. महापालिकेत येणाऱ्या टपालावर, निविदांच्या जाहिरातींवर, घरपट्टीच्या कागदांवर रोज ‘शरणपूर रोड’ छापलं जातं. पण हे शरणपूर कुठलं आणि तिथे कोण राहत होतं, हे सांगणारी एकही पाटी मला या रस्त्यावर आजवर दिसलेली नाही.

मी इथल्या एका शाळेत इतिहास शिकवायची. पुष्कळ वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात नाशिकच्या जागांच्या नावांवर बोलत होते. पंचवटी, तपोवन, सरकारवाडा, तिवंधा असं करत करत शरणपूरवर आले, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, कोण कुणाला शरण आलं होतं?” मला उत्तर ठाऊक नव्हतं. “उद्या सांगते,” म्हणाले आणि घरी जाताना सार्वजनिक वाचनालयात शिरले. 1883 सालचा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटिअर काढून बसले. मग एकातून दुसरं निघत गेलं. तिला दुसऱ्या दिवशी मी एवढंच सांगितलं की शरण म्हणजे इथे हार नव्हे, आसरा. बाकीचं मला पुढे हळूहळू कळत गेलं, आणि आता ते सगळ्या गावाला कळावं असं फार वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून, गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे विकायला नेली जात. त्यांत लहान मुलं फार. इंग्रजांच्या लढाऊ नौका अरबी समुद्रात अशी गलबतं अडवत आणि सुटका झालेल्यांतल्या पुष्कळ जणांना मुंबईला आणत. आईबापांचा पत्ता नाही, गावाचं नाव नीट सांगता येत नाही, बोली कुणाला कळत नाही, अशी ती मुलं. त्यांचं करायचं काय? चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 च्या दशकात नाशिकच्या वेशीबाहेर एक वस्ती उभी केली होती. तिचंच नाव शरणपूर. 1860 च्या सुमारास या आफ्रिकन मुलांसाठी तिथे आश्रम सुरू झाला. लिहायला-वाचायला शिकायचं आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम, शेती असं हाताचं काम शिकायचं. याओ, मकुआ अशा जमातींची मुलं गोदाकाठी मोठी झाली. आपल्या पाण्यावर, आपल्या बाजरी-भाकरीच्या मुलखात.

जगातल्या कागदपत्रांत या मुलांना एक नाव आहे: ‘नासिक बॉइज’. आपल्या गावाच्या नावानं ती ओळखली गेली. आफ्रिकेचा शोध घेणारे प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासाच्या रोजनिशीत नाशिकचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते याच मुलांमुळे. 1865 साली लिव्हिंग्स्टन मुंबईला आले, तेव्हा पुढच्या मोहिमेसाठी त्यांनी इथली मुलं सोबत घेतली. 1866 साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आत निघताना त्यांनी सोबत्यांची मोजदाद लिहून ठेवली आहे, तीत नाशिकचे नऊ जण आहेत. त्यांतला रिचर्ड पहिल्याच वर्षी वाटेत आजारानं गेला. काही जण पुढे सोडून गेले, आणि त्यात नवल नाही. ज्या वाटांवरून त्यांना साखळदंडात आणलं होतं, त्याच वाटांवर ती मुलं परत चालली होती. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत टिकला. 1872 साली नाशिकला शिकलेल्यांची दुसरी तुकडी लिव्हिंग्स्टन यांना जाऊन मिळाली. तीत जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता, कॅरस फरार होता.

महापौर, यापुढचा प्रसंग जरा सविस्तर सांगते. माझी सगळी मागणी त्यावरच उभी आहे.

1 मे 1873 च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात, लिव्हिंग्स्टन खाटेपाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत सापडले. सोबत एकही गोरा माणूस नव्हता. सुसी आणि चुमा हे दोघं जुने सोबती, नाशिकची मुलं, हमाल, काही बायका, पोरं, एवढाच जथा. तिथेच पुरून आपापल्या वाटेनं जायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. पण त्यांनी बसून ठरवलं की देह समुद्रापर्यंत न्यायचा. हृदय आणि आतडी काढून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि एका मोठ्या झाडाखाली पुरली. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटनं. मग देहाला मीठ लावून तो दोन आठवडे उन्हात सुकवला. कापडात गुंडाळला, झाडाची साल अखंड नळीसारखी सोलून तीत ठेवला, वरून शिडाचं कापड शिवलं, डांबर फासलं आणि दांड्याला बांधून खांद्यावर घेतला. निघण्यापूर्वी जेकबनं त्या झाडाच्या खोडावर मृताचं नाव आणि तारीख कोरली. कुठे विद्या शिकला होता हा मुलगा? इथे, आपल्या शरणपुरात.

हजार मैलांहून जास्त वाट. दलदल, ताप, वैर धरलेली गावं. ऑक्टोबरात उन्यान्येंबेला पोचले तेव्हा लेफ्टनंट कॅमेरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्यानं सांगितलं, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. पुढे कासेकेरा गावच्या लोकांनी प्रेत हद्दीतून नेऊ देणार नाही म्हटलं. तेव्हा यांनी काठ्या-काटक्यांचं खोटं प्रेत बांधून ते परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा दिसेल असा नव्यानं बांधून पुढे नेला. फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. तिथून जहाजानं देहाबरोबर इंग्लंडला गेला तो जेकब. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. नाशिकला शिकलेला, एके काळी गुलाम म्हणून विकला गेलेला तरुण त्या दिवशी लंडनच्या त्या थोर मंदिरात मोठमोठ्या लोकांच्या रांगेत उभा होता.

ॲबीतल्या त्या काळ्या शिळेवर लिहिलं आहे की निष्ठावान हातांनी हा देह जमीन आणि समुद्र ओलांडून आणला. फक्त हात. शिळेवर नाव एकाही हाताचं नाही.

जेकबनं स्वतःच्या हातानं लिहिलेली रोजनिशी मात्र राहिली आहे. लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या दिवसांची आफ्रिकन माणसानं स्वहस्ते लिहिलेली नोंद. ती स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरला, लिव्हिंग्स्टन यांच्या जन्मस्थळाच्या संग्रहालयात आहे. कोरलेलं ते खोड पुढे तोडून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेलं. मिशनची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. या मुलांवर लंडनमध्ये 2007 साली प्रदर्शनही झालं. ज्या गावाचं नाव त्यांना चिकटलं, त्या गावात काय आहे? रस्त्याचं नाव आहे.

गोष्ट वेस्टमिन्स्टरला संपत नाही, आणि खरी दोन देशांची गोष्ट तर त्यानंतर सुरू होते. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर गुलामीचा व्यापार थांबवण्याच्या बोलण्यांसाठी झांझिबारला गेले, आणि 1873 साली तिथल्या सुलतानानं गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. आता सुटका झालेल्यांना मुंबईला आणण्याचं कारण उरलं नाही. त्यांची सोय आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच करायची ठरली. त्यासाठी प्राइस मोंबासाला गेले आणि आपल्या गावातले सुमारे दीडशे आफ्रिकन, बायका-मुलांसह, तिकडे गेले. 1875 साली मोंबासा बेटासमोर त्यांनी वस्ती वसवली, फ्रिअर टाउन. नव्यानं सुटून येणाऱ्यांना आसरा देणारं ते दुसरं शरणपूरच. घरं बांधणारे, शाळेत शिकवणारे, सुतार, लोहार हे सगळे इथून शिकून गेलेले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर या दोघांना 1885 साली तिथे धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पूर्व आफ्रिकेत त्या मिशनचे ते पहिले आफ्रिकन धर्मोपदेशक. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 सालापर्यंत मोंबासात जगला.

फ्रिअर टाउनात एक घंटा उभारली होती. गुलाम पकडणारे आल्याची चाहूल लागली की ती वाजवायची. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात. त्या जागेला मोंबासात आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. तिथल्या लोकांनी घंटा सांभाळली, जवळच्या रबाईला मिशनच्या जुन्या वास्तूत संग्रहालय केलं. त्यांच्या बाजूनं दोरी धरलेली आहे. आपल्या बाजूचं टोक मोकळं लोंबतं आहे.

म्हणून माझी मागणी अशी: शरणपूर परिसरात नाशिक-मोंबासा मैत्रीचं एक छोटं संग्रहालय आणि सांस्कृतिक केंद्र महापालिकेनं उभारावं. मोठी इमारत मागत नाही. एक जुनी, कौलारू, हवेशीर खोली आणि तिच्यापुढे पन्नास मुलं बसतील एवढी पडवी मिळाली तरी सुरुवात होईल.

असं काम आपल्या राज्यात झालेलं आहे. सोलापूर महापालिकेनं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या राहत्या घराचं स्मारक केलं, 2012 साली ते खुलं झालं. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ, त्यात ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन्ही देशांमध्ये युद्ध झालं, सीमेवर रक्त सांडलं, तरी चीनचे पाहुणे सोलापूरच्या त्या घरात येत राहिले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका आणि मुलंच अधिक. त्या आठवणीपोटी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. 2024 साली पंतप्रधान तिथे जाऊन फुलं वाहून आले. सोलापूरचं घर एका डॉक्टराचं, वळिवडं एका छावणीचं. नाशिककडे तर एक आख्खी वस्ती आहे, आणि आपण तिच्यावरून गाड्या नेतो.

शरणपूरच्या त्या काळात भारत आणि केनिया ही दोन्ही स्वतंत्र राष्ट्रं म्हणून नकाशावर नव्हती. आपण 1947 साली स्वतंत्र झालो, केनिया 12 डिसेंबर 1963 रोजी. करार करून, हस्तांदोलनाचा फोटो काढून झालेली ही मैत्री नाही. घर हरवलेली मुलं इथे वाढली आणि इथे शिकलेलं घेऊन परत गेली, एवढाच तिचा पाया आहे. मला तो राजदूतांच्या करारांहून पक्का वाटतो.

खोलीत काय ठेवावं हे माझ्या डोळ्यांपुढे अगदी स्पष्ट आहे. जेकबच्या रोजनिशीच्या पानांची छायाप्रत आणि शेजारी तिचं मराठी भाषांतर, आठवीच्या मुलाला वाचता येईल असं. त्या कोरलेल्या खोडाची लाकडी प्रतिकृती. ती आपल्याच सुतारांनी करावी, मुलांना अक्षरांवरून बोट फिरवता आलं पाहिजे. एका भिंतीवर हिंदी महासागराचा मोठा नकाशा, मोसमी वाऱ्यांच्या दिशा दाखवणारा, म्हणजे गलबतं कुठून कशी येत ते कळेल. आणि एका भिंतीवर नुसते शब्द. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, रंगाला ‘रांगी’, विम्याला ‘बिमा’. बातमीला ‘हबारी’, पुस्तकाला ‘किताबू’, लेखणीला ‘कलामू’. शाळेतल्या कुठल्याही पोराला त्या भिंतीपुढे उभं करा, अर्ध्या तासात ते मोंबासाच्या बाजारात उभं राहील. केनियात जेवणाबरोबर ‘काचुंबारी’ लागतेच, कांदा-टोमॅटो चिरून लिंबू पिळलेली. आपलं कचुंबर. लासलगावच्या जिल्ह्याला यापेक्षा जवळची ओळख कुठली हवी?

पडवीत सुतारकामाचे, लोहारकामाचे वर्ग चालावेत. मोंबासातल्या एखाद्या शाळेशी आपल्या एखाद्या शाळेची जोडी जमवावी. दरवर्षी 12 डिसेंबरला मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या केनियन विद्यार्थ्यांना इथे जेवायला बोलवावं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत निकडीची वाटते. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांना आपल्या शहरांत भाड्यानं घर मिळताना काय सोसावं लागतं, रस्त्यावर त्यांच्याकडे कशा नजरा वळतात, हे आपण सगळे जाणतो. दीडशे वर्षांपूर्वी हे गाव त्यांच्याच पूर्वजांच्या मुलांचा आसरा होतं, हे इथल्या घरमालकाला ठाऊक असलं तर दार उघडताना त्याचा हात थोडा तरी लवकर हलेल, असं मी मानते.

या मागणीवर काही जण नाक मुरडतील हे मी धरून चालले आहे. शरणपूर मिशनचं होतं, मुलांची धर्मांतरं झाली, मग हा इतिहास आपण का मिरवायचा, असं विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर संग्रहालयातच द्यावं. या मुलांची मूळ नावं पुसली गेली. मॅथ्यू वेलिंग्टनचं आईनं ठेवलेलं नाव चेंग्विंबे. शाळेत त्याला इंग्रजी नाव मिळालं. पुढे फ्रिअर टाउनातही नाशिकहून गेलेल्यांना गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीची वागणूक आणि पगार मिळाला नाही, त्यावरून खटके उडाले. हे सगळं स्वच्छ लिहावं. आपल्याला मान द्यायचा आहे तो आश्रम चालवणाऱ्यांच्या आधी त्यात वाढलेल्या मुलांना. चेंग्विंबे हे नाव मोठ्या अक्षरांत आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्याखाली, अशा पाट्या कराव्यात.

परक्याचं नाव जपणं नाशिकला नवीनही नाही. पांडवलेणीच्या सतराव्या लेण्यात जा. उत्तरेकडच्या दात्तामित्री गावाहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं, धम्मदेवाच्या मुलानं, ते लेणं कोरवून घेतल्याचा लेख भिंतीवर आहे. दोन हजार वर्षं होत आली, आपण तो पुसला नाही. उलट शाळेच्या सहली नेऊन दाखवतो.

पैशाचं म्हणाल तर सिंहस्थाच्या तयारीचे आकडे रोज वर्तमानपत्रात वाचते. रस्ते, घाट, पूल सगळं व्हायला हवं, लाखो माणसं येणार आहेत. त्या खर्चाच्या मानानं एका खोलीचा खर्च कुणाच्या लक्षातही येणार नाही. सिंहस्थाच्या वर्षात जगभरचे लोक गोदाकाठी येतील, त्यांत आफ्रिकेतून येणारेही असतील. तिथे आपली भारतीय मंडळी पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांना रामकुंडानंतर पायी जाता येईल असं हे एक ठिकाण असावं.

आणि खोलीला वेळ लागणार असेल, जागेचा वाद, ठराव, निविदा हे सगळं मला समजतं, तर आधी निदान एक पाटी लावा. दगडाची, मराठीत, स्वाहिलीत आणि इंग्रजीत. तिच्यावर ‘निष्ठावान हात’ असं लिहू नका. नावं लिहा: जेकब वेनराइट. चेंग्विंबे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टन. कॅरस फरार. एडवर्ड गार्डनर. वाटेत गेलेला रिचर्ड. विल्यम जोन्स. इश्माएल सेम्लर. बाकीची नावं कागदपत्रांतून जमवायला मी आणि माझे काही जुने विद्यार्थी तयार आहोत, विनामोबदला. मागच्या बाकावरची ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे, तीही येईल.

आपल्या कार्यालयापासून शरणपूर पायी जाण्याइतकं जवळ आहे. कुठल्याही सकाळी आपण अर्धा तास काढावा. मी राजीव गांधी भवनाच्या फाटकापाशी येऊन थांबते, तिथून चालत जाऊ आणि जागा बघू.

आपली,
याच रस्त्यावरून रोज चालणारी
एक निवृत्त शिक्षिका